गेन कमी कर, भावा

आमच्या मेटल बँडच्या ईपीत, म्हणजे छोट्या अल्बममध्ये, चार गाणी आहेत, एकूण सतरा मिनिटं आणि वर काही सेकंद, आणि एवढ्यासाठी आम्हाला दीड वर्ष लागलं. ब्लॅक सबाथनी त्यांचा पहिला अख्खा अल्बम १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाहेरही आला, हे मला आमच्या बासवाल्याने त्या दीड वर्षात किमान वीस वेळा ऐकवलं. मी प्रत्येक वेळी त्याला एकच सांगायचो, की ती माणसं रोज क्लबात तासन्‌तास वाजवून आलेली होती, आपण शनिवारी चार ते सात जॅमरूम घेतो आणि त्यातला पाऊण तास तू येण्यातच जातो.

आम्ही पाच जण, सगळे पुणे-चिंचवडचे. मी ऱ्हिदम गिटार वाजवतो आणि शब्द लिहितो, दिवसा चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. ड्रमर ढोल-ताशा पथकातला. शाळेत असल्यापासून ताशा वाजवतोय, ड्रमकिटवर नंतर आला, त्यामुळे त्याची मनगटं लै भारी आणि पाय कच्चे, हे पुढे महागात पडलं. लीडवाला सीए करता करता राहिलाय. गायक, म्हणजे ओरडणारा, कॉलेजात लेक्चर घेतो आणि तिथे कुणालाही माहिती नाही की हा रविवारी काय करतो.

मेटलचं वेड कुठून लागलं ते थोडक्यात सांगतो. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात वाजवायला आले, १७ तारखेला, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. आम्ही तिघं उद्यान एक्सप्रेसने गेलो, घरी सांगितलं होतं इंडस्ट्रियल व्हिजिट आहे. तिथे इतकी काळी टीशर्टं एकत्र बघून पहिल्यांदा वाटलं की आयला, आपण एकटेच येडे नाही. त्याच्या आधीच्या पिढीसाठी ही जागा मुंबईत होती, धोबीतलावचं रंगभवन, १९८६ ला सुरू झालेलं इंडिपेंडन्स रॉक फेस्टिव्हल, ते आम्ही फक्त मोठ्या भावांकडून ऐकलं. मग कॉलेजच्या कॉम्पिटिशन, कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, आणि कव्हर्सच्या मधे लाजत लाजत एखादी ओसी, म्हणजे ओन कंपोझिशन. ओसी सुरू झाली की पब्लिक चहा प्यायला जायचं.

आता मुद्द्याकडे येतो. लॉकडाउन संपल्यावर ठरवलं की पुरे झालं, आपली गाणी रेकॉर्ड करायची आणि मराठीत करायची. यावर आमच्यात महिनाभर भांडणं झाली. आपल्याकडच्या बहुतेक मेटल बँडनी इंग्रजीतच लिहिलंय. मुंबईच्या भयानक मौत या बँडचं नाव बघा आणि गाणी ऐका. लीडवाल्याचं म्हणणं होतं की ग्राउलमध्ये, म्हणजे त्या गुरगुरत्या ओरडण्यात, तसाही शब्द कळत नाही, मग मराठी काय आणि स्वाहिली काय. माझं म्हणणं असं की ऐकणाऱ्याला कळो न कळो, ओरडणाऱ्याला कळला पाहिजे, कारण त्याला फरक पडतो. मत घेतलं, तीन विरुद्ध दोन, मराठी.

विषय माझ्याकडे तयार होता. आमची आजी नारायण पेठेत राहायची आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती तिथेच होती. पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, खडकवासलाही फुटला आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. लकडी पुलावरून पाणी गेलं हे पुण्यात सगळे सांगतात. आजी ते सांगायची नाही. तिची आठवण वेगळीच होती. ती म्हणायची, पुराचं काही नाही रे, माणूस पळतो, पण दुसऱ्या दिवशी प्यायला थेंब नव्हता. कारण शहराला पाणी द्यायचा तो खडकवासलाच गेलेला. घरात गुडघाभर गाळ आणि घसा कोरडा. पुढे त्यांना गोखलेनगरला निसन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या घरात, जागा मिळाली आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होतं हा तिचा दुसरा आवडता विषय. तर मला दोन ओळी तिथेच मिळाल्या,

वरून गाळ, खालून गाळ
मधे कोरडा घसा

आणि मी म्हटलं झालं, गाणं झालं. कसलं काय.

गाण्याचा पहिला ड्राफ्ट सात मिनिटं चाळीस सेकंदांचा होता आणि त्यात अकरा रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारे तुकडे, होते. मला त्याचा अभिमान होता. मेटलवाल्यांना हा रोग असतो, सहा महिने घरी बसून जमवलेला प्रत्येक रिफ एकाच गाण्यात कोंबायचा, आणि मग त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणायचं. आम्ही ज्याच्याकडे मिक्स करणार होतो तो इंजिनिअर (त्याला इथे फक्त इंजिनिअरच म्हणतो, त्याला प्रसिद्धी नको असते) एकदा जॅमला येऊन बसला, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाला, गिटार खाली ठेव आणि आता हे गाणं तोंडाने म्हणून दाखव. मी म्हटलं म्हणजे? म्हणाला, म्हणजे धुगधुगधुगाड, धुगधुग धाड, जसं येतं तसं. मी सुरू केलं आणि चौथ्या रिफला अडकलो. पाचवा आठवलाच नाही. ड्रमर हसायला लागला, कारण पथकात असंच शिकवतात, ताल आधी तोंडात बसला पाहिजे, मग हातात काड्या. तबलावालेही तेच करतात, पढंत. आणि आम्ही इतकी वर्षं मेटल वाजवून हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

जे रिफ तोंडाने म्हणता आले ते राहिले. अकराचे चार झाले. गाणं चार मिनिटं दहा सेकंदांवर आलं. उडालेल्या सातपैकी दोन मला अजून रात्री आठवतात, खोटं कशाला बोला. पण स्लेयरचा १९८६ चा तो अल्बम, रिक रुबिनने प्रोड्यूस केलेला, दहा गाणी आहेत आणि सगळं मिळून २९ मिनिटांच्या आत संपतं, आणि कुणीही आजपर्यंत म्हटलं नाही की अजून थोडं पाहिजे होतं.

रिफ कापताना शब्दांचंही कळायला लागलं, आणि या भागावर मी तासभर बोलू शकतो. आमचा गायक दोन आवाज काढतो, एक खालचा, पोटातून गुरगुरणारा, आणि एक वरचा, किंचाळीसारखा. मी लिहिलेली पहिली ओळ 'पाणी' शब्दावर संपत होती आणि ती खालच्या आवाजात होती. तो म्हणाला, हे मरतंय. मला कळेना. त्याने करून दाखवलं. खालच्या आवाजात तोंड गोल लागतं, 'ओ' आणि 'ऊ' मस्त भरतात, 'आ' चालतो, पण 'ई' आली की ओठ ताणले जातात, घसा अरुंद होतो आणि आवाजाची हवाच निघून जाते. वरच्या किंचाळीत बरोब्बर उलटं, तिथे 'ई' सुरीसारखी लागते. मग मी वही घेऊन बसलो आणि अख्ख्या गाण्यात खालच्या ओळींच्या शेवटी लोट, पूर, पूल, गाळ, घोट असले शब्द आणले, आणि 'पाणी' उचलून कोरसमध्ये वरच्या किंचाळीवर ठेवला. एकदाच, लांब, शेवटच्या ईवर सगळा जोर. तिथे तो शब्द असा लागला की जॅमरूमचा मालक दार उघडून बघायला आला.

आणि 'ळ'! खालच्या आवाजात 'गाळ' म्हटलं की जीभ मागे वळते आणि तो शब्द खरंच चिखलात रुतल्यासारखा वाजतो. इंग्रजीवाल्यांकडे हे नाही. लीडवाला तेव्हापासून मराठीच्या बाजूने आहे, पण ते तो कबूल करत नाही.

लोक विचारतात की ड्रमर पथकातला आहे तर गाण्यात ढोल-ताशा का नाही टाकला. टाकला होता. गाण्याच्या मधल्या संथ भागात खरा ताशा रेकॉर्ड केला, ऐकला, आणि काढून टाकला, कारण तो लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा उभा होता, सगळे त्याच्याकडे बघतायत आणि त्याला स्वतःला माहिती नाही का आलोय. मला वैयक्तिक ही लोकवाद्याची फोडणी घालायची सवय आवडत नाही. त्याची मनगटं पथकातली आहेत ते ऐकू येतंच, त्याच्या स्नेअर ड्रमवरच्या रोलमध्ये सगळी लक्ष्मी रोडची मिरवणूक आहे.

ड्रम्स पहिल्यांदा रेकॉर्ड होतात. आधी आम्ही क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमवर, स्क्रॅच, म्हणजे कच्ची, गिटार वाजवून ठेवली आणि ड्रमर ती हेडफोनवर ऐकत वाजवणार. मुंबईत अंधेरीला एक स्टुडिओ घेतला, दोन शिफ्ट, आठ आठ तासांच्या. पहिल्या शिफ्टचे तीन तास नवीन स्किन चढवणं, ट्यूनिंग आणि माइक लावण्यात गेले, एकही टेक नाही, मीटर चालू. मी घड्याळाकडे बघून मनात पैसे मोजत होतो.

मग पायांचा प्रश्न आला. जॅममध्ये आम्ही पानशेतवालं गाणं २१० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला २१० ठोके, वाजवायचो. जॅमरूममध्ये सगळं इतकं मोठ्याने असतं की डबल पेडल, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा बासड्रम, कसं पडतंय ते कुणाला ऐकूच येत नाही, नुसती घरघर. स्टुडिओत बासड्रमच्या आत माइक आणि ते मोठ्या स्पीकरवर, आणि मग कळलं की उजवा पाय बरोबर आहे आणि डावा पाय प्रत्येक चौथ्या ठोक्याला बस चुकलेल्या माणसासारखा पळत येतोय. इंजिनिअर म्हणाला, दोन पर्याय आहेत, हे मी कॉम्प्युटरवर सरळ करतो, कुणाला कळणार नाही, किंवा टेम्पो कमी करा. ड्रमर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, १९२. त्याच्यासाठी हे म्हणणं किती अवघड होतं ते वाजवणाऱ्यांनाच कळेल. आणि गंमत म्हणजे १९२ ला गाणं जास्त जड झालं, कारण दोन ठोक्यांच्या मधे आता जागा होती आणि गिटारला तिथे पडायला वेळ मिळाला.

एक घोळ मात्र आमचाच. ड्रमरला क्लिक जोरात लागतो म्हणून हेडफोनचा व्हॉल्यूम फुल्ल केला होता, आणि शेवटच्या गाण्याच्या अखेरीस सिंबल, म्हणजे ड्रमकिटची झांज, हळूहळू विरत जातो तिथे वरच्या माइकमध्ये हेडफोनमधला क्लिक आला. टिक टिक टिक टिक. इतकी सुंदर शांतता आणि त्यात भिंतीवरचं घड्याळ. हे लक्षात आलं पुण्याला परत आल्यावर. त्या एका सिंबलसाठी अजून एक अर्धी शिफ्ट, एक्सप्रेसवेचा टोल, आणि वडापाव.

गिटार घरी केल्या. आजकाल तसंच करतात, गिटारचा कोरा आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि नंतर तो पाहिजे त्या अॅम्पमधून काढायचा, रीअॅम्पिंग म्हणतात. त्यामुळे स्टुडिओचे पैसे वाचतात. पण आमची बिल्डिंग जुनी. पहिल्या दिवशी गिटार लावली तर गुंऽऽऽ असा आवाज, तारेला हात लावला की बंद, हात काढला की परत गुंऽऽऽ. पिकअप बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या, नवीन केबल आली, शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला तर आवाज निम्मा, आणि मग इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बोर्ड उघडला आणि म्हणाला, साहेब, अर्थिंगच नाहीये, वायर आहे पण कुठेच जोडलेली नाही. ऐंशीच्या दशकापासून आम्ही असेच राहत होतो. फ्रिजला हात लावला की अधूनमधून चटका बसायचा तो का, हेही त्याच दिवशी कळलं. आई म्हणाली तुझ्या त्या गाण्यांचा एवढा तरी उपयोग झाला.

आता उजव्या हाताबद्दल. मेटलमध्ये सगळे डाव्या हाताकडे बघतात, सोलो वगैरे. पण ऱ्हिदमवाल्याचं सगळं उजव्या हातात असतं. गिटार ड्रॉप सीला, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या ट्यूनिंगला, जाड तारा, तळव्याची कड गिटारच्या ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथे, टेकवून तार दाबायची आणि खालच्या दिशेने मारत राहायचं. रिफमध्ये आठ ठोके आहेत आणि मग एक गॅप आहे, आणि ती गॅप पूर्ण मेलेली पाहिजे, तारेचा एक श्वासही नको. हेच तुम्हाला दोनदा वाजवायचं असतं, एकदा डाव्या स्पीकरसाठी आणि एकदा उजव्या. कॉपी-पेस्ट चालत नाही, कारण हुबेहूब तेच दोन्हीकडे ठेवलं तर कानाला ते मधोमध एकच ऐकू येतं. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकाने. पण फरक जास्त झाला तर दोन माणसं भांडतायत असं वाटतं. म्हणजे तुम्हाला स्वतःशीच जवळजवळ सारखं, पण सारखं नाही, असं वाजवायचं असतं. मेटालिकाचा जेम्स हेटफील्ड हे कसं करायचा कोण जाणे.

मी त्या एका रिफचे त्रेसष्ट टेक घेतले. रात्रीचे दोन वाजले होते, इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर, माझी स्क्रीन बघत. त्याने एका ठिकाणी वेव्हफॉर्म मोठा केला, प्रत्येक ठोका डोंगरासारखा दिसतो, आणि म्हणाला, इथे तू घाबरलास. मी म्हटलं कुठे. म्हणाला, सहावा ठोका बघ, बाकी सगळे क्लिकच्या रेषेवर आहेत, हा थोडा आधी आलाय, कारण तुला पुढची गॅप दिसतेय आणि तुला संपवून मोकळं व्हायचंय. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. आणि जोरात मारू नको, म्हणाला, जोरात मारलं की तार सुरुवातीला चढी वाजते, मग ट्यूनर कितीही हिरवा दाखवू दे, ऐकायला बेसूरच. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून, दर गाण्याला नव्या तारा.

आणि मग तो प्रसिद्ध संवाद. मी डेमोसाठी जो आवाज लावला होता त्यात डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारा गेन, काट्याच्या शेवटाला. तो म्हणाला गेन कमी कर. मी केला. म्हणाला, अजून. केला. भावा, अजून. शेवटी एकट्या गिटारचा आवाज ऐकला तर मला लाज वाटली, हे कसलं मेटल, हे तर रविवार सकाळच्या कॅफेतलं रॉक. मग त्याने दोन्ही बाजूंच्या गिटार, खाली बास, ड्रम्स सगळं एकत्र लावलं आणि मी खुर्चीवरून उठलो. गेन जास्त असला की ठोक्याची धार जाते, सगळं लापशी होतं, आणि दोन गिटार एकत्र आल्या की लापशीवर लापशी. धार उजव्या हातातून येते, जाडपणा बासमधून.

बासवाल्याला हे ऐकून जो आनंद झाला तो विचारू नका. त्याला मेटालिकाच्या १९८८ च्या अल्बमचं कायमचं दुःख आहे, ज्यात बिचाऱ्या जेसन न्यूस्टेडचा बास जवळपास ऐकूच येत नाही. आमच्या प्रत्येक मिक्सवर त्याची एकच कमेंट असायची, न्यूस्टेड झालाय का माझा? चौदा मिक्स झाले. चौदाव्यात तो गप्प होता म्हणून आम्ही तो पास केला.

आवाज गायकाच्या घरी, कपाटाचं दार उघडून त्यावर आजीच्या गोधड्या टाकून. दिवसाला फार तर दीड-दोन तास, त्यापुढे घसा ताणायचा नाही, दुखायला लागलं की थांबायचं. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले, सगळं ठीक आहे ना विचारायला. त्यांना ऐकवलं. ते पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, पानशेतचं आहे का, आमचे वडील तेव्हा... आणि मग अर्धा तास त्यांच्या वडिलांची गोष्ट. त्या दिवशी टेक झाला नाही.

गाणं आम्ही १२ जुलैला टाकलं. पहिल्या आठवड्यात बऱ्यापैकी ऐकलं गेलं, मग नाही. एका अॅपवर आमच्या खाली 'हेही ऐका' म्हणून भावगीतं येत होती, मराठी म्हणजे तेवढंच असा त्या कॉम्प्युटरचा समज असावा. त्या गाण्यांच्या श्रोत्यांना उलट बाजूने आमचं गाणं सुचवलं गेलं असेल या विचाराने मला अजून हसू येतं.

मग टूर. टूर म्हटलं की लोकांना वाटतं मोठी बस, आत झोपायला बंक, महिनाभर रोज नवीन शहर. ते युरोपात. आपल्याकडे टूर म्हणजे चार वीकएंड, चार शहरं आणि साहेबांपुढे रजेचा अर्ज. ज्यांनी हे सगळं आपल्या आधी केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बंगळुरूचे क्रिप्टोस १९९८ पासून वाजवतायत. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनच्या साहिल मखिजाने तर बँडही चालवला, स्वतःचं लेबलही, फेस्टिव्हलही, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं.

आमची पहिली तारीख बंगळुरू, आणि गाडी परत तीच, उद्यान एक्सप्रेस, पुण्याहून. सामान काय घ्यायचं यावर आधी मीटिंग. अॅम्प आणि ड्रमकिट तिथे मिळतं, बॅकलाइन म्हणतात, पण स्नेअर, सिंबल आणि पेडल ड्रमर स्वतःचंच नेतो. सिंबलची पिशवी दिसते छोटी, पण उचलली की खांदा निखळतो. गिटार खालच्या बर्थच्या खाली मावत नाहीत हे आम्हाला माहिती होतं, त्यामुळे वरच्या बर्थवर दोन गिटार झोपल्या आणि त्या बर्थचा मालक, म्हणजे मी, बासवाल्याच्या पायाशी. एप्रिल महिना. सोलापूरपर्यंत स्लीपरचा डबा तव्यासारखा तापलेला. लीडवाल्याला गिटारची काळजी वाटायला लागली, त्याने केस उघडून ट्यूनर लावला तर सगळ्या तारा उतरलेल्या. समोरचे काका बघत होते. त्यांनी विचारलं किती पैसे मिळतात याचे? गायकाने खरा आकडा सांगितला. काकांनी डबा उघडला आणि आम्हाला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. पुढे काही बोलले नाहीत.

पबमध्ये संध्याकाळी पाचला साउंडचेक ठरला होता, झाला साडेआठला, कारण आत कुणाच्या तरी ऑफिसची पार्टी चालू होती. साउंडचेक म्हणजे एकेका वाद्याने आवाज द्यायचा आणि मग एक गाणं. आम्हाला मिळाली दहा मिनिटं. तिथल्या साउंडवाल्याने गिटारचा आवाज ऐकला आणि येऊन अॅम्पवरचा गेन खाली केला. आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघून हसायला लागलो आणि त्याला वाटलं त्याची चेष्टा करतोय. त्याला समजावण्यात दहापैकी दोन मिनिटं गेली.

पब्लिक किती? मी स्टेजवरून मोजली, सदतीस, त्यात दोन वेटर. पहिलं गाणं आम्ही ठरल्यापेक्षा कितीतरी जोरात पळवलं, ड्रमर नंतर म्हणाला तो २०५ ला तरी असेल, स्टेजवर रक्त उसळलं की १९२ वगैरे कुणाला आठवतंय. दुसऱ्या गाण्यात माझी जाड तार तुटली. दुसरी गिटार होती पण ती दुसऱ्या ट्यूनिंगला, म्हणून मी खाली बसून तार बदलली आणि तेवढ्या वेळात बासवाल्याने आणि ड्रमरने नुसतं काहीतरी वाजवत ठेवलं, आणि लोकांना वाटलं तो गाण्याचाच भाग आहे. एका मुलाने नंतर येऊन तो भाग फार आवडला म्हणून सांगितलं.

पानशेत शेवटी. मी आधी हिंदीत दोन वाक्यात सांगितलं कशाबद्दल आहे. कोरस आला, 'पाणी' आलं, आणि समोरचे तिघं-चौघं, ज्यांना मराठीचा म देखील येत नसावा, दुसऱ्या वेळी आमच्याबरोबर ओरडले. पाणी तर सगळ्यांनाच कळतं.

हिशोब असा. मानधन प्रवासाच्या निम्मं. पण टीशर्ट अठरा विकली गेली, तुळशीबागेमागच्या छपाईवाल्याकडून आणलेली, आणि त्यावर परतीचं भाडं आणि रात्रीचा डोसा सुटला. हैदराबाद आणि मुंबईलाही हेच, फिगर इकडेतिकडे. मुंबईत पब्लिक जास्त पण टीशर्ट कमी, कारण तिथे अर्धी पब्लिक दुसऱ्या बँडमधलीच असते आणि बँडवाले टीशर्ट विकत घेत नाहीत, बदली करतात. माझ्याकडे आता सहा बँडची टीशर्टं आहेत, सगळी एक्सएल, मला एम लागतो.

पुण्यातला शो शेवटचा. आजी आता नाही, पण आई आली होती, कानात कापूस घालून, सगळ्यात मागे उभी. नंतर म्हणाली, शब्द एकच कळला. मी विचारलं पाणी? म्हणाली, नाही, गाळ.

नवीन गाण्यांचं काम सुरू केलंय म्हणजे केलंय असं नाही. मी घरी चार रिफ केलेत, चारच, आणि सगळे तोंडाने म्हणता येतात. ड्रमरला पाठवले. त्याचा रिप्लाय आला, भारी आहेत, पण पथकाचा सराव सुरू झालाय नदीकाठी, रोज संध्याकाळी सात ते दहा, विसर्जन झाल्यावर बघू.